'पेटीतल्या मुला'चं नाव कळायला 65 वर्षं का लागली, आणि नाव कळूनही खुनी का सापडत नाही?

प्रश्न असा आहे: फिलाडेल्फियात 1957 मध्ये पुठ्ठ्याच्या खोक्यात मृतावस्थेत सापडलेल्या मुलाची ओळख 2022 पर्यंत का पटली नाही, शेवटी ती कशी पटली, आणि नाव कळल्यावरही खुनाचा उलगडा का होत नाही?

थोडक्यात सांगायचं तर ओळख न पटण्याचं मुख्य कारण हलगर्जीपणा नव्हतं. त्या काळात ओळख पटवणं म्हणजे दोन याद्या जुळवणं. एक यादी सापडलेल्या मृतदेहांची, दुसरी हरवलेल्यांची. हे मूल दुसऱ्या यादीत कधी आलंच नाही, कारण ते हरवल्याची तक्रार कोणी केलीच नव्हती. वंशावळीवरून ओळख पटवण्याची पद्धत ही या दुसऱ्या यादीशिवाय चालणारी पहिली पद्धत, म्हणून ती येईपर्यंत थांबावं लागलं. खुनी न सापडण्याचं कारण निराळं आहे. मूल कोणाच्या पोटी जन्मलं हे डीएनए सांगतो. फेब्रुवारी 1957 मध्ये ते कोणाच्या घरात होतं, हे तो सांगत नाही.

आता तपशील. जागा फिलाडेल्फियाच्या ईशान्य भागातल्या फॉक्स चेसमधली, सस्क्वेहाना रोडच्या कडेची झाडी. 25 फेब्रुवारी 1957 ला एका कॉलेज विद्यार्थ्याने खोकं पाहिलं, पण पोलिसांना दुसऱ्या दिवशी कळवलं. त्याच्याही आधी, प्राण्यांसाठी लावलेले सापळे बघायला आलेल्या एका तरुणाने ते पाहिलं होतं आणि सापळे जप्त होतील या भीतीने तो गप्प बसला. पहिल्या काही दिवसांतला असा उशीर महागात पडतो. खोकं नेमकं कधी ठेवलं, त्या सुमारास रस्त्यावर कोणती गाडी उभी होती, असे प्रश्न शेजारपाजारच्या लोकांना चार दिवसांच्या आत विचारले तरच उत्तरं मिळतात. त्यात हवा कडाक्याची थंड. थंडीत शरीर कुजण्याची गती इतकी मंदावते की मृत्यूची वेळ दोन-तीन दिवसांपासून दोन-तीन आठवड्यांपर्यंत कुठेही बसू शकते. अंदाज तेवढाच ढोबळ राहिला, म्हणजे कोणाचीही 'त्या दिवशी कुठे होता?' अशी चौकशी करायला पक्की तारीखच हातात नव्हती.

मुलगा उघडा होता, स्वस्त सुती फ्लॅनेलच्या चौकड्यांच्या ब्लँकेटमध्ये गुंडाळलेला. उंची 40.5 इंच, म्हणजे सुमारे 103 सेंटीमीटर. वजन 30 पौंड, म्हणजे सुमारे 13.6 किलो. मृत्यू डोक्यावरच्या बोथट माराने, आणि अंगभर मारहाणीच्या खुणा. या दोन आकड्यांकडे जरा थांबून बघा. ही उंची चार वर्षांच्या मुलाची सर्वसाधारण उंची आहे. त्या वयाचं सर्वसाधारण वजन मात्र 16 किलोच्या आसपास असतं. म्हणजे उंची वयाला साजेशी आणि वजन अडीच किलोने कमी. उपासमार बरीच वर्षं चालली तर आधी वजन आणि मग उंचीही खुंटते. इथे उंची फारशी मागे पडलेली नाही, म्हणून हाल अगदी जन्मापासूनचे नसावेत असं माझं वाचन आहे. ते चुकूही शकतं, कारण मूळचं अंग उंच असेल तर खुंटलेली उंचीही सरासरीत बसते.

वयाचा अंदाज तेव्हा 4 ते 6 वर्षे असा दिला गेला. आता आपल्याला माहीत आहे की तो चार वर्षं आणि सव्वा महिन्याच्या आसपासचा होता. अंदाज चुकला नाही, पण मुलगा त्याच्या अगदी खालच्या टोकाला होता, आणि अशा अंदाजांचा त्रास इथेच होतो. दुधाचे सगळे दात साधारण अडीच-तीन वर्षांपर्यंत येतात आणि पहिली कायमची दाढ सहाच्या सुमारास हिरडीबाहेर येते. नुसतं तोंड उघडून पाहिलं तर मधल्या तीन वर्षांच्या पट्ट्यात कुठे बोट ठेवायचं हे कळत नाही. जबड्याच्या एक्स-रेत कायमच्या दातांचे कोंब किती तयार झालेत ते पाहिलं की पट्टा वर्षभराच्या आसपास येतो. पण कुपोषित मुलात हाडांची वाढ दातांपेक्षा जास्त मागे पडते, म्हणून दोन्हींचा मेळ न बसल्यास दातांवर विश्वास ठेवायचा असतो.

अंगावर शस्त्रक्रियेचे वाटणारे व्रण होते, त्यांपैकी एक घोट्याजवळ आणि एक जांघेत. हनुवटीखाली इंग्रजी एल आकाराचा जुना व्रण होता. घोट्याजवळचा व्रण तपास करणाऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा. लहान मुलाची शीर सापडत नसेल तर घोट्यापाशी छोटी चीर देऊन शीर उघडी करत आणि तिच्यातून रक्त किंवा सलाइन देत. म्हणजे हे मूल कधीतरी रुग्णालयात होतं आणि त्याच्यावर कोणीतरी बऱ्यापैकी गंभीर उपचार केले होते. मग नोंद का सापडली नाही? कारण रुग्णालयाची नोंद नावाने लावलेली असते, व्रणाने नाही. 'घोट्याला चीर दिलेला मुलगा' असं कपाट कुठल्याच रुग्णालयात नव्हतं.

पायाच्या ठशांचंही तेच. अमेरिकेतल्या रुग्णालयांत नवजात बाळाच्या तळपायाचे ठसे घेण्याची पद्धत होती, आणि या मुलाचे ठसे अशा नोंदींशी ताडून पाहिले गेले. पण नवजाताच्या तळपायावरच्या रेषा अतिशय बारीक असतात. परिचारिकेने जास्त शाई लावली की सगळा काळा डाग उमटतो, आणि असे डागच बहुसंख्य असतात. त्यात ठशांची एकत्र सूची नव्हती. प्रत्येक रुग्णालयाचा कागद हातात घेऊन डोळ्यांनी पाहायचा. बोटांचे ठसे घेतले होते, पण चार वर्षांच्या मुलाचे ठसे आधी कुठे नोंदलेले असण्याचं कारणच नव्हतं.

केस नुकतेच आणि ओबडधोबड कापलेले होते, आणि कापलेल्या केसांचे पुंजके अंगाला चिकटलेले होते. उजवा तळहात आणि दोन्ही तळपाय पाण्यात राहिल्यासारखे सुरकुतलेले होते. यावर फार कथा रचल्या गेल्या आहेत. कोणी म्हणतं ओळख लपवायला केस कापले, कोणी म्हणतं मुलाला मुलगी म्हणून वाढवलं होतं. पुराव्यावरून एवढंच म्हणता येतं की केस कापले तेव्हा तो उघडा होता आणि त्यानंतर त्याला नीट धुतलं गेलं नाही. सुरकुत्या मृत्यूच्या आधीच्या की नंतरच्या, हेही त्यांच्यावरून ठरत नाही. जिवंतपणी त्या रक्तवाहिन्या आकसल्याने अर्ध्या तासात येतात. मृत्यूनंतर कातडी पाणी शोषते म्हणून येतात, फक्त जास्त वेळाने. दिसायला दोन्ही सारख्याच.

वस्तूंच्या पुराव्यावर पोलिसांनी जे काम केलं ते आजही शिकवण्यासारखं आहे. खोकं जे. सी. पेनी या दुकानाने विकलेल्या तान्ह्या बाळाच्या पाळण्याचं होतं. छापील खुणांवरून पोलिस फिलाडेल्फियाला लागून असलेल्या अपर डार्बीच्या शाखेपर्यंत पोचले. तिथे असे 12 पाळणे आले होते, किंमत 7.50 डॉलर. पण त्या काळी पेनीचा व्यवहार रोखीचा होता, त्यामुळे गिऱ्हाइकांची नावं कुठेच लिहिलेली नव्हती. वर्तमानपत्रातून आवाहन केल्यावर काही खरेदीदार पुढे आले, सगळे आले नाहीत. आणि आले असते तरी खोकं ही अशी वस्तू आहे की पाळणा घरात जातो आणि खोकं कचऱ्याजवळ ठेवलं जातं. तिथून ते कोणीही उचलू शकतो. ब्लँकेटचे दोन तुकडे केलेले होते. कापडावरून ते नॉर्थ कॅरोलिनातल्या स्वानानोआ किंवा क्विबेकमधल्या ग्रॅनबीच्या गिरणीचं असावं इथवर मजल गेली. तशी हजारो ब्लँकेटं विकली गेली होती, म्हणून तो माग तिथेच संपला.

खोक्यापासून काही फुटांवर निळ्या कॉर्डुरॉयची टोपी सापडली. आतल्या लेबलवरून दक्षिण फिलाडेल्फियातली बनवणारी बाई सापडली, आणि एका तरुण गिऱ्हाइकाने मागे चामडी पट्टा लावून घेतल्याचं तिला आठवत होतं. कागदावर हा धागा फार आकर्षक दिसतो. पण टोपीचं माप 7⅛ होतं, म्हणजे डोक्याचा घेर सुमारे 57 सेंटीमीटर. चार वर्षांच्या मुलाचा घेर 50-51 च्या आसपास असतो. टोपी मोठ्या माणसाची होती, आणि तिचा या मृत्यूशी संबंध आहे हे कधीच सिद्ध झालं नाही. रस्त्याकडेच्या त्या झाडीत लोक कचरा टाकत असत. अशा जागी सापडलेली प्रत्येक वस्तू पुरावा मानली तर तपास वस्तूंच्याच मागे धावतो. इथे टोपीवर खर्च झालेले मनुष्यबळ थोडं नव्हतं.

या सगळ्या धाग्यांचा एक समान गुण आहे. प्रत्येक धागा दुकानापर्यंत नेतो, मुलापर्यंत नेत नाही. म्हणून पोलिसांनी उलट दिशेने प्रयत्न केला: मुलाचा चेहराच लोकांपर्यंत पोचवायचा. सुमारे 4 लाख पत्रकं छापली गेली, फिलाडेल्फियात ती गॅसच्या बिलाबरोबर घरोघर गेली. मृतदेहाला कपडे घालून, बसवून फोटोही काढले गेले, कारण जिवंतपणीची ठेवण दिसली तर ओळखणं सोपं जाईल असं वाटलं. त्यात दोन अडचणी होत्या. मृत चेहऱ्यावरचे स्नायू सैल पडतात आणि सूज असेल तर जवळचा माणूसही फसतो. त्याहून मोठी अडचण अशी की ज्यांनी हा चेहरा खात्रीने ओळखला असता त्यांच्यापैकी कोणीतरी तो खोक्यात ठेवला होता.

मारहाणीने मेलेल्या लहान मुलांच्या बाबतीत ही अडचण नेहमीचीच. मोठा माणूस गायब झाला तर मालक, मित्र, घरमालक कोणीतरी विचारतं. शाळेत न जाणाऱ्या चार वर्षांच्या मुलाची जगाशी गाठ घरच्यांमार्फतच पडते. घरच्यांनी 'नातेवाइकांकडे पाठवला' म्हटलं की प्रश्न संपतो. त्यात 1957 मध्ये देशभरच्या नोंदी एकत्र पाहण्याची सोय नव्हती. एफबीआयचा एनसीआयसी हा संगणकीय संग्रह 1967 मध्ये सुरू झाला, त्यात हरवलेल्यांची नोंद 1975 पासून आली, बेनाम मृतदेहांची 1983 पासून. पण या मुलापुरतं बोलायचं तर हे संग्रह 1957 मध्ये असते तरी उपयोग शून्य, कारण तक्रारच नव्हती.

तक्रार असूनही ओळख हुकल्याचं उदाहरण हवं असेल तर अ‍ॅरिझोनाचं घ्या. 31 जुलै 1960 ला काँग्रेस या गावाजवळच्या वाळूत एका लहान मुलीचा मृतदेह सापडला. दहा दिवस आधी न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोतून चार वर्षांची शॅरन ली गॅलेगोस पळवली गेली होती. हे नाव तेव्हाच विचारात घेतलं गेलं आणि वय, कपडे, पायाचा ठसा जुळत नाही म्हणून बाजूला ठेवलं गेलं. 2022 मध्ये डीएनएने सांगितलं की ती शॅरनच होती. व्हँकुव्हरच्या स्टॅनली पार्कमध्ये 1953 च्या जानेवारीत सापडलेले दोन सांगाडे मुलगा-मुलगी समजून 45 वर्षं शोध झाला. 1998 मध्ये कळलं की दोन्ही मुलगेच आहेत. वयात येण्याआधी कवटी आणि कटीच्या हाडांवरून लिंग ठरवता येत नाही, आणि तिथे बहुधा कपड्यांवरून ठरवलं गेलं. जुन्या फायली उघडताना पहिलं काम हेच: 'हे मूल नव्हे' असा शेरा कशाच्या आधारे मारला आहे ते बघायचं. कपडे, वयाचा अंदाज, पुसट ठसा यांवर मारला असेल तर तो शेरा खोडायचा आणि ते नाव परत यादीत घ्यायचं.

फिलाडेल्फियाच्या मुलाला 1957 मध्ये बेवारसांच्या दफनभूमीत पुरलं होतं. 1998 मध्ये ती कबर उघडून दातातून मायटोकॉन्ड्रियल डीएनए काढला आणि मुलाला आयव्ही हिल दफनभूमीत पुन्हा पुरलं. तो डीएनए मिळूनही ओळख का पटली नाही, हा प्रश्न बरेच जण विचारतात. मायटोकॉन्ड्रियल डीएनए प्रत्येक पेशीत शेकडो-हजारो प्रतींमध्ये असतो, म्हणून जुन्या हाडातही टिकतो. पण तो आईकडून जसाच्या तसा येतो. आई, आईची आई, मावशी, मावसभाऊ, त्या आजीच्या बहिणीच्या मुलींची मुलं, सगळ्यांचा एकच. त्यावरून 'हे मूल या बाईचं नाही' असं ठणकावून सांगता येतं, 'हे मूल याच बाईचं' असं नाही. आणि कोणाशी ताडायचं ते आधी माहीत असावं लागतं. पुन्हा तीच दुसरी यादी.

या डीएनएच्या मर्यादेचं सर्वांत बोलकं उदाहरण टायटॅनिकवरचं अनोळखी मूल. हॅलिफॅक्सच्या फेअरव्ह्यू लॉन दफनभूमीतल्या त्या बाळाची ओळख 2002 मध्ये 13 महिन्यांचा फिनिश मुलगा म्हणून जाहीर झाली. डीएनएचा जो छोटा भाग तपासला त्यात हा फिनिश मुलगा आणि बोटीवरचं दुसरं एक मूल यांच्यात फरकच नव्हता. पण जपून ठेवलेले त्या बाळाचे बूट 13 महिन्यांच्या पायाला मोठे होते. अधिक लांबीचा डीएनए वाचल्यावर 2007 मध्ये ते 19 महिन्यांचा सिडनी गुडविन असल्याचं ठरलं. संग्रहालयातल्या बुटांनी प्रयोगशाळेला दुरुस्त केलं, असं क्वचितच घडतं.

2019 मध्ये न्यायालयाच्या परवानगीने मुलाची कबर दुसऱ्यांदा उघडली गेली. या वेळी हवा होता पेशीकेंद्रातला डीएनए. इतक्या जुन्या लहान मुलाच्या अवशेषांतून तो काढणं किती जिकिरीचं असतं याची कल्पना येण्यासाठी काम कसं चालतं ते सांगतो. आधी एक्स-रे, मग नमुना कुठून घ्यायचा हे ठरवायचं. पहिली पसंती आतल्या कानाभोवतीच्या कवटीच्या टणक हाडाला, मग दातांच्या मुळांना. मोठ्यांच्या दाढेचं मूळ जाड असतं. दुधाच्या दातांची मुळं लहान आणि पातळ, आणि पुढे झिजू लागलेली. म्हणजे साठा कमी, चुकायला वाव नाही. हाडाचा पृष्ठभाग ब्लीचने पुसायचा, अतिनील प्रकाशात ठेवायचा, वरचा थर खरवडून टाकायचा, कारण 1957 मध्ये हातमोजे न घालता कितीतरी लोकांनी त्याला हाताळलेलं असतं. मग अर्धा ग्रॅमच्या आतबाहेर पूड. ती ईडीटीए (कॅल्शियम विरघळवणारं रसायन) आणि प्रोटिनेज के (प्रथिनं तोडणारं विकर) यांच्या द्रावणात 56 अंश सेल्सिअसला रात्रभर किंवा जास्त ठेवायची. हाडातला कॅल्शियम विरघळला की डीएनए मोकळा होतो आणि सिलिकावर अडकवून वेगळा करता येतो. शेजारी हाड न घातलेली कोरी नळी त्याच सगळ्या पायऱ्यांतून न्यायची. त्या नळीत माणसाचा डीएनए आढळला तर सगळी खेप बाद.

जे मिळतं त्यात बहुतांश मातीतल्या जिवाणूंचा डीएनए असतो. माणसाच्या डीएनएचे तुकडे 100 अक्षरांपेक्षाही छोटे (अक्षरं म्हणजे डीएनएचे ए, सी, जी, टी हे घटक). पोलिसांच्या नेहमीच्या एसटीआर (डीएनएत ओळीने पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे मोजणाऱ्या) चाचणीला साधारण 100 ते 450 अक्षरांचे अखंड तुकडे लागतात, म्हणून ती अर्धवट निघते. आणि निघाली तरी ती आई-वडील, मूल, भावंडं यांच्यापलीकडे फारसं सांगत नाही. वंशावळीसाठी एसएनपी, म्हणजे एकेका अक्षरातले फरक, लाखोंच्या संख्येने वाचावे लागतात. ते छोट्या तुकड्यांतही वाचता येतात, पण तेच तुकडे पुन:पुन्हा वाचावे लागतात. जुन्या डीएनएत सी हे अक्षर झिजून टी सारखं वाचलं जातं. ही झीज न गाळता माहिती डेटाबेसमध्ये टाकली तर खोटे नातेवाईक मिळतात किंवा खरे सुटतात. या मुलाच्या बाबतीत आयडेंटिफाइंडर्स इंटरनॅशनल या संस्थेला वापरण्याजोगी माहिती तयार करायला सुमारे अडीच वर्षं लागली.

पुढचं काम नात्यांच्या हिशेबाचं. दोन माणसांमध्ये किती डीएनए समाईक आहे हे सेंटीमॉर्गनमध्ये मोजतात. आजी-आजोबा समाईक असलेल्या चुलत-मावस भावंडांत सरासरी 866, पणजी-पणजोबा समाईक असतील तर 229, खापरपणजोबा समाईक असतील तर 73. आकडे सरासरीचे आहेत, पसारा मोठा असतो. 229 वाला एक माणूस मिळाला तर त्याच्या पणजोबांच्या चार जोडप्यांपैकी एक जोडपं आपलं, हे धरून चालायचं. 73 वाला मिळाला तर आठ जोडपी. मग त्या प्रत्येक जोडप्याचे सगळे वंशज जन्म, लग्न, मृत्यूच्या नोंदी, जनगणना आणि मृत्युलेखांतून खाली उतरवत आणायचे, आणि दुसरा एखादा नातेवाईक कोणत्या फांदीवर येतो ते पाहायचं. दोन फांद्या ज्या लग्नात भेटतात तिथे मूल असतं. दत्तक गेलेली मुलं, लग्नाबाहेरची मुलं, नाव बदललेले वडील इथे हिशेब चुकतो, म्हणून कागदावरचं नातं आणि सेंटीमॉर्गनचा आकडा दोन्ही पटल्याशिवाय फांदी पक्की मानत नाहीत. हा शोध फक्त पोलिसांना वापरायला परवानगी असलेल्या डेटाबेसमध्येच करता येतो. अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या वंशावळ कंपन्या ती देत नाहीत, त्यामुळे उपलब्ध नातेवाइकांची संख्या आपोआप घटते.

इथे आईकडचे नातेवाईक आधी मिळाले आणि त्यांच्यावरून आई ठरली. मग पोलिसांनी न्यायालयाकडून आदेश घेऊन 1944 ते 1956 या काळातल्या तिच्या सगळ्या मुलांच्या जन्म, मृत्यू आणि दत्तक नोंदी मागवल्या. त्यांत एक जन्मदाखला मुलाच्या वयाशी जुळणारा निघाला आणि त्यावर वडिलांचं नाव होतं. वडिलांच्या बाजूची नातीही डीएनएशी ताडून पाहिली गेली. 8 डिसेंबर 2022 ला पोलिसांनी नाव जाहीर केलं: जोसेफ ऑगस्टस झरेली, जन्म 13 जानेवारी 1953. आई-वडील दोघंही हयात नव्हते. सावत्र म्हणा वा अर्धी म्हणा, दोन्ही बाजूंची भावंडं हयात होती, आणि त्यांच्यासाठीच पोलिसांनी आई-वडिलांची नावं स्वतःहून सांगितली नाहीत. मला हा निर्णय योग्य वाटतो. जन्मदाखल्यावर नाव असणं म्हणजे गुन्ह्यात हात असणं नव्हे, आणि जाहीर केलेलं नाव इंटरनेटवर परत घेता येत नाही.

आता तिसरा भाग. पोलिसांनी मुलाचं कुटुंब पश्चिम फिलाडेल्फियात 61 वी स्ट्रीट आणि मार्केट स्ट्रीटच्या परिसरातलं असल्याचं सांगितलं. नकाशा उघडा. त्याच मार्केट स्ट्रीटने पश्चिमेला थोडं पुढे गेलं की 69 वी स्ट्रीट, म्हणजे अपर डार्बीचा बाजार, जिथे ते खोकं आलं होतं. फॉक्स चेस शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. म्हणजे 1957 चा खोक्याचा धागा खऱ्या परिसराच्या अगदी जवळ पोचला होता. यावरून 'म्हणजे घरच्यांनीच' अशी उडी मारू नये. मूल जन्मानंतर त्या घरात राहिलं की दुसऱ्या कोणाकडे दिलं गेलं, हा प्रश्न उघडाच आहे, आणि सगळा गुन्हा त्या प्रश्नावर उभा आहे.

जुन्या दोन सिद्धांतांचंही तसंच. वैद्यकीय परीक्षकांच्या कार्यालयातले तपासनीस रेमिंग्टन ब्रिस्टो यांनी मरेपर्यंत जवळच्या एका पालकगृहावर (दुसऱ्यांची मुलं सांभाळणाऱ्या घरावर) संशय ठेवला. 2002 मध्ये ओहायोतल्या एका स्त्रीने सांगितलं की तिच्या आईने 1954 मध्ये हे मूल विकत घेतलं होतं आणि घरात त्याचे हाल केले. दोन्ही पडताळता आले नाहीत. नाव कळल्याने ते आपोआप खोटे ठरत नाहीत, पण आता त्यांना एक पूल दाखवावा लागेल: झरेली नावाचं मूल त्या दारापर्यंत गेलं कसं? असा पूल दाखवणारा कागद वा माणूस नसेल तर तो सिद्धांत बाजूला ठेवायचा.

करण्यासारखं काम अजून आहे. 1950 ची जनगणना एप्रिल 2022 मध्ये खुली झाली. मूल त्यात नाही, पण त्या गल्लीतली घरं, त्यांतली माणसं आणि तेव्हा पाच-दहा वर्षांची असलेली शेजारची मुलं त्यात आहेत. ती आज ऐंशीच्या घरात आहेत, म्हणजे हे काम पुढच्या दशकावर ढकलता येत नाही. रुग्णालयाची नोंद आता नावाने शोधता येते: घोट्याची चीर कधी, कुठे, आणि मुलाला घेऊन कोण आलं होतं. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत धर्मपालकांची नावं असतात. मुलाला कोणाकडे सोपवलं असेल तर पहिली विचारपूस त्यांच्याकडे. ब्लँकेटवरच्या डीएनएची आशा मी फारशी धरणार नाही. कित्येक दशकं ते हाताळलं गेलं आहे, आणि घरातल्याच माणसाचा डीएनए घरच्या ब्लँकेटवर सापडणं यात आरोप करण्यासारखं काही नसतं.

न्यायालयात काय टिकेल हेही पाहा. पेनसिल्व्हेनियात खुनाला मुदतीची मर्यादा नाही, आणि माहितीसाठी 20,000 डॉलरचं बक्षीस जाहीर झालं होतं. पण मुलाला मारलं कोणत्या घरात ते माहीत नाही, मृत्यूचा दिवस माहीत नाही, पहिल्या पिढीचे साक्षीदार गेले. आरोपी तेव्हा विशीत असेल तर आज नव्वदीच्या आसपास, बहुधा मृत. मेलेल्या माणसावर खटला चालत नाही. अमेरिकेत अशा वेळी पोलिसांना प्रकरण 'अपवादात्मक कारणाने निकाली' म्हणून बंद करता येतं, पण त्यासाठी नुसता संशय पुरत नाही: आरोपी निश्चित हवा, जिवंत असता तर अटक करता आली असती इतका पुरावा हवा, आणि अटक त्याच्या मृत्यूमुळेच होऊ शकत नाही हे दाखवावं लागतं. आम्हाला कोणावर संशय आहे ते अजून सांगणार नाही, असं पोलिसांनी 2022 मध्ये म्हटलं होतं. संशय आणि ही पात्रता यांच्यामध्ये जो पुरावा लागतो तो जाहीर झालेल्या माहितीत कुठेही नाही, आणि म्हणून फाइल अजून खुनाच्या उघड्या प्रकरणांतच आहे.